आत्यानं कानात काय सांगितलं

आष्टीच्या आबारावला लग्नानंतर अकरा वर्षांनी लेक झाली. बारशाच्या दिवशी मात्र गावात पोरीच्या रंगरूपापेक्षा एकच चर्चा होती: कानात नाव कोण सांगणार? आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? तो मान आत्याचाच. पण ही आत्या म्हणजे द्वारकाबाई, आणि द्वारकाबाई येशूची झालेली!

ती अंकुशनगरला राहायची. नवरा बद्रीनाथ साखर कारखान्यात कामाला, गरीब स्वभावाचा. बाईला तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा पोटातच गेलं. मग बायकांनी तिला हळदी-कुंकवाला बोलावणं सोडलं. कुणाची ओटी भरायची असली की हिला हळूच बाजूला सारायचं. बायकाच बायकांशी असं वागतात, याचा मला फार राग येतो. त्र्याऐंशी साली तिसऱ्या खेपेला ती जालन्याला मिशनच्या दवाखान्यात पडून होती. तिथली गिरिजाबाई नावाची म्हातारी नर्स रोज तिच्या उशाशी बसायची. तिनंच येशूची गोष्ट सांगितली. त्याच्याच गावानं त्याला कसं हुसकून लावलं, त्याच्याच माणसांनी कसं नाकारलं, ते सगळं सांगितलं.

द्वारकाबाई उठून बसली. "अगं माय! मंग हा तं माझाच की!"

झालं. इतकं साधं होतं ते. लोक म्हणाले, गव्हाच्या पोत्यापायी बाटली. कसला गहू अन् कसलं पोतं! पण कपाळाचं कुंकू सुटलं आणि माहेरही सुटल्यासारखंच झालं. भाऊबीजेला आबाराव यायचा, पण पाणीसुद्धा न पिता ओसरीवरूनच परत फिरायचा. ती त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची. त्याला हे कळलं असतं तर आणखीच भडकला असता.

आणि आता एकोणनव्वद साली ही भाची झाली. स्वतःच्या हातानं शिवलेलं अंगडं-टोपडं पदराखाली धरून द्वारकाबाई भावाच्या दारात उभी राहिली. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. चुलती गोजरबाई मोठ्यानं म्हणाली, "हिला पाळण्यापाशी जाऊ देऊ नका. नाव एक सांगन अन् हळूच येशूचं बी फुकन कानात. लेकरू बाटलं मंग!"

आबाराव पुढं आला. बहिणीकडं न बघता त्यानं कुंकवाचा करंडा तिच्यापुढं धरला. "द्वारके, आजच्या दिवस लाव. अन् म्हण, येशू-बिशू सोडला म्हणून. मंग खुशाल नाव ठेव."

तिला ती पोर डोळे भरून पाहायची होती. एवढंसं खोटं बोललं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण ती म्हणाली, "दादा, ज्यानं मला टाकलं न्हाई त्याला मी कशी टाकू? न्हाई जमायचं. हे तेवढं लेकराला घाल." अंगडं-टोपडं उंबऱ्यावर ठेवून ती वळली.

"वन्स, थांबा!" पाळण्याजवळून भावजय गोपिकाबाई कडाडली. अकरा वर्षांत नवऱ्यापुढं कधी आवाज न चढवलेली बाई! "अहो, तोंडावर खोटं बोलून मान घेता आला असता त्यांना. न्हाई घेतला. ती बाई माझ्या लेकराच्या कानात चोरून काही सांगन का? बिलकुल न्हाई. या वन्स, नाव तुम्हीच ठेवा."

आबारावनं करंडा खाली ठेवला. द्वारकाबाई पाळण्यावर वाकली. इवलासा कान होता तो. जगात तिला सगळ्यात प्यारं असलेलं नाव ओठापर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. "कुर्र! सत्यशीला!" पाठीत बायकांचे धपाटे बसले, तशी ती हसत हसत रडायला लागली.

तरी गोजरबाईनं गावभर केलंच, की हिनं येशूचं नाव सांगितलंच असणार. आबारावनं काही येशूला मानलं नाही, कधीच नाही. पण पुढच्या भाऊबीजेला तो बहिणीच्या घरात शिरला आणि तांब्याभर पाणी प्याला.

दोन हजार चार साली दहावीची परीक्षा संपवून सत्यशीला आत्याकडं राहायला आली. भाकरी थापत असलेल्या आत्याजवळ बसून तिनं विचारलं, "आत्या, लोक म्हणतात तसं खरंच सांगितलं होतं का तू माझ्या कानात?"

"न्हाई गं. फकस्त तुझं नाव."

"का? एवढा जिवापाड हाये तुझा येशू, मंग का न्हाई सांगितलं?"

"तुझ्या मायनं भरवसा ठेवला होता माझ्यावर. चोरून कसं सांगू?"

पोर आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "आता सांग. कोण हाये तो?"

आत्याचा हात परातीतच थांबला. "बाबांना इचारलं का?"

"इचारलं. म्हणले, मला न्हाई पटत ते. पण आत्यालाच विचार, ती खोटं न्हाई बोलत."

पंधरा वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती समोर येऊन बसली, आणि द्वारकाबाईला रडूच कोसळलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. सत्यशीलानंच ती उलटली आणि म्हणाली, "रडून घे आत्या. मी हाये आठ दिवस."