तिसरीची वाटी

विद्यानगरात माझ्या भाचीच्या शिल्पांचं प्रदर्शन होतं. ती जेवायला गेली की राखण माझ्याकडं. "मामा, कुणाला हात लावू देऊ नकोस," हे रोज बजावून जायची. मधोमध टोपल्याएवढी केशरी वाटी होती, आरशासारखी चकचकीत. अशा आठच वाट्या तिनं केलेल्या. ही तिसरी, म्हणून काठावर ३/८ कोरलेलं.

दुपारी उन्हाला कंटाळून एक बाई आत आल्या. हातात दुर्गदबैलातल्या बाजाराची पिशवी. वाटीसमोर वाकल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून काठ पुसत नाव शोधायला लागल्या, पंगत उठल्यावर बायका आपापली भांडी शोधतात तशा.

"नाव नाही घातलं की हो अण्णा. नुसता आकडा?"

"आठांतली तिसरी आहे, अक्का. उद्या बेंगळूरला जायची."

"अय्यो, आठ लेकींना आठ होय! आणि तिसरी उद्या सासरी चालली."

मी शिल्प, कला वगैरे सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून वाटीत ठेवलासुद्धा.

"लेकीला भांडं रिकामं देऊ नये," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या.

भाचीनं आल्या आल्या मला फैलावर घेतलं. गुळाचा डाग पडला तर काय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी वाटी खोक्यात भरताना मात्र तिनंच तो खडा कागदात नीट गुंडाळला आणि परत आत ठेवला.