सहा एमएम आणि दोन सूत

निवृत्त झाल्यावर मी सुतारकाम शिकायला घेतलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. पाटबंधारे खात्यात उभा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून गेला. कालव्यांचे, मोऱ्यांचे नकाशे काढले. माप हा माझा धर्म आहे असं मी लोकांना सांगायचो, आणि ते मला खरंही वाटायचं. सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक शेड मारली, टेबल मांडलं, आणि पहिल्या दिवाळीला राऊटर मशीन घेतलं. लाकडाला खाच पाडायला, कडेला नक्षीची गोलाई द्यायला ते लागतं. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पण त्यात बसवायची पाती, ज्यांना सगळे बिट म्हणतात, ती वरचेवर घ्यावी लागतात. खरी परीक्षा तिथं असते.

पहिल्यांदा मी फसलोच. मोबाईलवर बघून डझनभर बिटांची एक पेटी मागवली. लाल रंग, लाकडी डबा, दिसायला दागिन्यांसारखी. सागवानावर पहिलीच फेरी मारली तर धूर निघाला आणि कड काळी पडली. मग मी अभ्यासाला बसलो. बिटाच्या टोकाला पोलादाहून कठीण अशी कार्बाइडची पाती झाळून, म्हणजे वितळवलेल्या धातूनं जोडून, बसवलेली असते. ती पाती जाड हवी, म्हणजे पुढं तीनचारदा धार लावता येते. झाळ सलग हवी, मध्ये कुठं पोकळी दिसता कामा नये. धार उजेडाकडे धरली आणि तिच्यावर पांढरी रेघ चमकली तर समजावं, धार बोथट आहे. बिटाच्या टोकाचं बेअरिंग बोटानं फिरवून बघावं, ते खरखरता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. हे सगळं मी वहीत लिहून काढलं. खिशात भिंग ठेवायला लागलो. आणि जेमतेम दोन महिन्यांत मला असं वाटायला लागलं, की शहरात बिट पारखणारा माझ्यासारखा दुसरा नाही.

पेठेत हार्डवेअरचं एक जुनं दुकान आहे. तिथं काउंटरला एक बाई असायच्या. पंचेचाळिशीच्या असतील. साडीवर पुरुषी शर्ट, कानामागं पेन्सिल. मालक गल्ल्यावर बसायचे आणि माल या बाई दाखवायच्या. आजूबाजूच्या तालुक्यांतले सुतार आले की मालकांशी नमस्कार करून थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे. हे मी पाहिलं होतं. त्यावरून काही ओळखायला हवं होतं, ते मी ओळखलं नाही.

टेंभुर्णीला दिलेल्या माझ्या मुलीसाठी मी तेव्हा पुस्तकांचं कपाट करत होतो. ती तिथं शाळेत शिकवते. ऑफिसातली जुनी ड्रॉइंग टेबलं मोडीत निघाली तेव्हा त्यांच्या सागवानी फळ्या मी घेऊन ठेवल्या होत्या. त्याच फळ्यांची दारं करायची आणि त्यांच्या कडेला नक्षी काढायची, असं ठरवलं होतं. त्या नक्षीसाठी बिट घ्यायला मी मार्चअखेर दुकानात गेलो.

बाईंनी मला बघितलं आणि आधी विचारलं, "काका, मशिनीचं कॉलेट कसलं हाय? सहा एमएम का दोन सुताचं?"

कॉलेट म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणारी मशीनच्या तोंडातली चिमटी. मला तो प्रश्न नवशिक्याला विचारल्यासारखा वाटला.

"ते माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त बिटं दाखवा."

"न्हाय, म्हंजे दोनी येत्यात ना, म्हणून..."

"बाई, मला समजतं त्यातलं."

त्यांनी ड्रॉवर उघडला. तीनचार बिटं काढून कापडावर ठेवली. एक उचलून म्हणाल्या, "ह्ये दिसाय साधं हाय, पण टिकतंय. सुतार लोक हेच न्हेत्यात." मी भिंग काढलं. त्या साध्या बिटावर घासल्याच्या रेघा दिसत होत्या. शेजारचं दुसरं आरशासारखं गुळगुळीत होतं, झाळ तर नजर लागावी अशी. मी ते उचललं. दांड्याकडे मी बघितलं ते गंज आहे का एवढ्यापुरतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दाराची कड चालवायला घेतली. वीतभर छान गेली. मग मशीनचा आवाज बदलला, हाताला हिसका बसला आणि बिट खाली सरकत सरकत फळीत खोल घुसलं. मी बटण बंद करेपर्यंत सागवानात करंगळी मावेल एवढा खड्डा पडला होता आणि कार्बाइडचा एक तुकडा उडून पत्र्यावर आदळला होता. जरा इकडं आला असता तर डोळाच गेला असता. मी घाबरलो. आणि त्या भीतीचा लगेच राग झाला.

तसाच स्कूटर काढून दुकानात गेलो. गर्दीची वेळ होती. मोडलेलं बिट मी काउंटरवर आपटलं आणि मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "डुप्लिकेट माल विकता का हो? झाळ तुटली. माझा डोळा जाता जाता राहिला."

मालक उठून आले. बाईंनी बिट हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि दांड्यावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "काका, ह्ये झाळीचं न्हाय. दांडा फिरलाय चिमटीत. मी तुमाला इचारलं व्हतं की, कॉलेट कसलं म्हणून..."

सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मला कुणी काही विचारलं नाही."

रागाच्या भरात विसरलो असं नव्हतं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडत असताना तिचा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवत होता.

मालकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझा इस्त्रीचा शर्ट, खिशातलं भिंग, साहेबी बोलणं. दोघांतल्या कुणाचा शब्द धरायचा हे ठरवायला त्यांना एक क्षण पुरला. आणि तसंच होणार हे मला आधीपासून माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो.

"साहेब, माफ करा," मालक म्हणाले. "हे भारीतलं घेऊन जा, पैसे नकोत." आणि तिच्याकडे वळून, "विचारायचं कळत नाही? किती वर्षं झाली इथं?"

ती कापडावरची बिटं गोळा करायला लागली.

ते भारीतलं बिट घेऊन मी घरी आलो. या वेळी आधी टाकाऊ तुकड्यावर चालवून बघितलं. पुन्हा तेच झालं. वीतभर गेलं आणि खाली सरकलं. मी मशीन बंद केलं, बिट काढलं. गुळगुळीत दांड्यावर गोल गोल ओरखडे उमटले होते. दोन वेगवेगळी बिटं एकाच तऱ्हेनं वाईट कशी निघतील? मी बारीक मापाचा व्हर्नियर काढला. दांडा बरोबर सहा एमएम. मग मशीनचं कॉलेट काढून उन्हात धरलं. त्यावर बारीक अक्षरांत कोरलं होतं, सहा पॉइंट तीन पाच. म्हणजे पाव इंच. सुतारांच्या भाषेत दोन सूत.

सूतभर सोडा, केसाइतकाच फरक होता. पण तेवढ्यानं चिमटी दांडा धरत नव्हती. बाईंनी नुसत्या अंगठ्यानं ओळखलं होतं ते.

बायको चहा घेऊन वर आली. "काय झालं? असे का बसलात?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी निघालोही होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि स्कूटर वळवली. दोन सुताच्या दांड्याचं बिट मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणलं. खड्डा पडला होता तिथं सागवानाचं ठिगळ बसवलं, ते इतकं बेमालूम जमलं की कुणाला दिसू नये. कपाट टेंभुर्णीला पोचलं. मुलीनं दारांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही किती बारकाईनं करता हो." मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

पेठेतून जाणं मी टाळायला लागलो. भाजीला लांबच्या रस्त्यानं जायचो. मनाशी म्हणायचो, एवढ्या तेवढ्या गोष्टी दुकानात रोज होतात, ती विसरूनही गेली असेल.

जूनच्या सुरुवातीला बायकोबरोबर पेठेत जावं लागलं. तिला पडद्याच्या दांडीचे ब्रॅकेट हवे होते आणि ती सरळ त्याच दुकानाची पायरी चढली. "तुम्ही बिटं घेता ते हेच दुकान ना?" असं म्हणत. मागं फिरायला कारण सापडेना.

काउंटरला मालकांचा पुतण्या होता. मालकांनी मला ओळखलं. "या साहेब! तुमच्यामुळं बरं झालं बघा. त्या दिवसापास्नं त्या बाईंना आत गोडाऊनला बसवलंय. स्क्रू मोजून पुड्या बांधतात. गिऱ्हाइकाची कटकट नाही."

मी मागच्या दाराकडे बघितलं. आत अंधार होता आणि पत्र्याची धग बाहेर येत होती. एक पाठमोरा शर्ट दिसला. मी मालकांना नुसतं "हं" म्हणालो. हे माझं दुसरं खोटं.

तेवढ्यात मोडनिंबचा एक सुतार आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "मावशी कुटं हायत?"

"आत आहेत. काय पायजे बोला," पुतण्या म्हणाला.

"खाचंचं बिट द्या." पुतण्यानं ड्रॉवरमधून एक पाकीट काढून पुढं केलं. सुतारानं ते उलटंसुलटं केलं आणि परत ठेवलं. "मावशीला बलवा की जरा. त्या बघून देत्यात. आपल्याला इस्वास हाय."

"अहो, तेच आहे, घ्या."

"न्हाय, मंग ऱ्हाऊ द्या," म्हणून तो पायरी उतरायला लागला.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "थांबा जरा." आणि मालकांकडे बघून म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. बाईंनी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. मीच सांगितलं नाही. दांडा सहाचा होता आणि माझं मशीन दोन सुताचं. तुमचा माल चांगला होता. चूक सगळी माझी."

बायको ब्रॅकेट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मालक हसले. "जाऊ द्या हो साहेब, एवढ्याचं काय!"

"एवढ्याचं नाही. त्यांना बोलवा."

ती बाहेर आली. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, बोटं स्क्रूच्या तेलानं काळी झाली होती. मी तिच्यासमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं. माफी मागितली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "माझ्या भावाच्या मशिनीतनं असंच बिट निसटून मांडीत घुसलं व्हतं. तवापास्नं मी समद्यांना इचारते. त्या दिशी तुमी न्हाय म्हणलात, मालकबी वरडले. घरी जाऊन मी इचार करत बसले, खरंच इचारलं व्हतं का न्हाई? किती दीस तेच डोक्यात. म्हणलं, आता आपलंच डोकं चालंना की काय."

तिनं ते रागानं सांगितलं नाही. सुताराकडे वळून म्हणाली, "काय पायजे दादा?"

चौकात आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. पण तुम्ही असं खोटं बोलू शकता, हे मला माहीत नव्हतं." त्या रविवारी मी मुलीलाही फोन करून ठिगळाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "दार मी बदलणार नाही, बाबा." तिला त्यातून काय म्हणायचं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

आठवड्याभरात मालकांनी तिला परत काउंटरला आणलं. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती, हेही त्यामागं असणार. मी माझ्या बोलण्याचं श्रेय त्यात धरत नाही. बिटं मी आता तिथूनच घेतो. ती दाखवते ते बघतो, दिसायला साधं असलं तरी घेतो, आणि आजवर एकही वाईट निघालेलं नाही. ती नीट बोलते. पण काका म्हणत नाही, साहेब म्हणते.

मध्यंतरी एकदा त्या गोडाऊनमध्ये मी उभा राहिलो होतो, प्लायचा तुकडा निवडायला. पंखा नाही, खिडकी नाही, डोक्यावर पत्रा. पाच मिनिटांत मला गरगरायला लागलं आणि मी बाहेर आलो. सोलापूरचा एप्रिल आणि मे ती तिथं बसून होती. चूक माझी होती, हे मला माहीत होतं आणि मी भाजीला लांबच्या रस्त्यानं जात होतो.