बिननावाची नात

माझ्या साडूंइतका अनेक भाषांत निरुपयोगी माणूस अख्ख्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. हे मी रागाने म्हणत नाही, तीस वर्षांच्या अनुभवाने म्हणतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा त्यांना टाळण्याची सोय नाही. रे रोडला जहाजांना भाजीपाला आणि दूध पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी जन्मभर कारकुनी केली. पावतीवर सही घ्यायला जहाजावर चढायचं आणि उतरताना त्या देशाचे चार शब्द घेऊन उतरायचं, हा त्यांचा क्रम. बरं, शब्द तरी कामाचे असावेत? दोर, कांदा, उद्या आणि नको. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ स्वतःला सतरा भाषांचा जाणकार समजतो. त्या सतरापैकी एकाही भाषेत त्यांना साधा स्टेशनचा रस्ता विचारता येत नाही.

एकदा परळला एका इस्पितळाबाहेर आम्ही चहा पीत उभे होतो. शेजारी टांझानियाहून आलेले एक गृहस्थ होते, कुणा नातेवाइकाचं ऑपरेशन होतं त्यांच्या. साडूंना तेवढं कळायचा अवकाश, त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या चिंतेतल्या माणसाला स्वाहिलीत ऐकवलं, "उद्या. कांदा. दोर. नको." त्या भल्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंकल, आपकी चाय ठंडी हो रही है." साडू घरी येईपर्यंत खूश. म्हणे, उच्चार त्याला पटला.

गिरगावात एका लग्नात तर त्यांनी जेवणाची रांगच अडवली. वाढप्याने अननसाच्या शिऱ्याचा डाव उचलला आणि यांनी ताट मागे घेतलं. अननस हा शब्द निम्म्या जगात अननसच कसा आहे आणि एकट्या इंग्रजाने कसा आडमुठेपणा केला, हे त्या वाढप्याला समजेपर्यंत मागे वीसेक माणसं ताटकळली. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ज्याचं उत्तर शेवटी काहीच येत नाही असा उद्योग कुणी इतक्या निष्ठेने करताना पाहिलं, की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी शिऱ्यावर पाणी सोडलं आणि दुसऱ्या रांगेत गेलो.

या उद्योगाची एक वही आहे. पानाच्या वर एक शब्द लिहायचा आणि खाली तोच आवाज कुठल्या भाषेत काय अर्थाने येतो त्याची जंत्री. त्यातही साडूंचा कल सोवळ्यातला. ज्या भाषांचं एकमेकींशी काडीचं नातं नाही, त्यांच्यातच तो शब्द सापडला पाहिजे. संस्कृतातून कुठे गेलेला शब्द त्यांना चालत नाही, तो त्यांच्या लेखी माहेरी आलेली मुलगी. "नातं नाही हो," ते वहीवर बोट आपटून सांगतात, "नुसती गाठ पडलीये." बरं, गाठ पडली, मग पुढे काय? पुढे काही नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी फिरायला येणारे चार निवृत्त लोक लांबून त्यांच्या हातात वही दिसली की उलट्या दिशेने चालू लागतात.

मागच्या वर्षी साडूंना नात झाली. साडूंची चाळ पाडून लालबागला जो टॉवर झाला, त्याच्या बाविसाव्या मजल्यावर बारसं होतं. साडूंच्या मुलाला फिनलंडमध्ये नोकरी लागली होती. त्याने पुढे जायचं आणि कागदपत्रं झाली की सुनेने बाळाला घेऊन मागून जायचं, असं ठरलेलं. नावही ठरलं होतं, माया. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं. आत्या, म्हणजे साडूंची माटुंग्याला दिलेली मुलगी, बाळाच्या कानाशी वाकली, तिने "कुर्रर्र" केलं, आणि सोफ्यावरून साडूंनी हात वर केला.

"थांब. आधी हे ऐक," त्यांनी वही उघडली. "तुर्कीत माया म्हणजे विरजण. फिलिपिन्सच्या खलाशांत चिमणीसारखं एक पाखरू. स्पॅनिशमध्ये जाळं. हंगेरीत त्याचं यकृत."

"कुणाचं?" मी विचारलं.

"कुणाचंही. त्याचं किंवा तिचं."

"हंगेरीला समुद्रच नाही. तुम्हाला हंगेरीचा खलाशी भेटला कुठे?"

"आचारी होता," साडू म्हणाले. "आणि फिनलंडमध्ये, जिथे तुम्ही हिला नेणार तिथे, माया म्हणजे झोपडी. चाळीतून बाहेर पडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, आणि मुलीला झोपडी म्हणून हाक मारायची?"

"बाबा, सुटीत राहायचं लाकडी घर असतं ते," सून हळूच म्हणाली. तिचं कोण ऐकतो? इकडे रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केलेली. बिचारीला धपाटे मिळाले, बाळाला नाव मिळालं नाही. पाहुणे घुगऱ्या खाऊन गेले आणि आठवड्याने मुलगा फिनलंडला गेला.

पुढचा महिनाभर जे नाव निघेल ते वहीत आपटून पडलं. मीरा म्हटलं तर स्पॅनिशमध्ये 'बघ', म्हणजे पोरगी जन्मभर दचकत राहील. सून 'पिल्लू' म्हणायची, ताई 'बाय' म्हणायच्या, लिफ्टमन तर 'बाबू' म्हणायचा. ताई म्हणजे माझी मेहुणी, साडूंची बायको. शेवटी एका सकाळी कट्ट्यावर मी साडूंना फैलावर घेतलं. "तुमची विद्वत्ता पुरे झाली आता. दाखल्यावर नाव नाही तोवर पोरीचा पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही तर ती विमानात बसणार कशी? मुलगा तिकडे एकटा भात शिजवून खातोय."

साडूंनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "नक्की का?"

"नक्की म्हणजे? नियमच आहे."

"असं होय," म्हणून ते उठले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आज तुझ्या मेव्हण्यांना सरळ केलं. त्यानंतर दोन महिने मी रोज नावाची वाट पाहिली. नाव काही आलं नाही. उलट साडूंच्या हातात आता दोन वह्या दिसू लागल्या.

एका संध्याकाळी मी तणतणत लालबागला गेलो. साडू बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते, पोरगी त्यांच्या छातीवर पालथी झोपलेली, वही तिच्या पाठीवर उघडी. मी स्वयंपाकघरात जाऊन ताईंपाशी माझा पाढा वाचला. त्या मटार सोलत होत्या.

"पासपोर्टचं तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?"

"हो. घाई करावी म्हणून."

"घाई केलीच त्यांनी. त्याच दिवशी दुसरी वही आणली." त्यांनी एक शेंग फोडली. "भावजी, गणित शिकवत होतात ना तुम्ही? शब्द कसले बघतायत ते? नाव नसलं की ती इथे राहते. एवढंच बघतायत."

ज्या माणसाला मी महिनोन् महिने मूर्ख म्हणत होतो त्याला त्याची युक्ती मीच पुरवली होती, आणि ती कशासाठी हे मला शेंगा सोलणाऱ्या बाईने सांगावं लागलं. लाज वाटली मला.

तेवढ्यात मुलाचा फिनलंडहून व्हिडिओ फोन आला. सुनेने तो बाळासमोर धरला. पोरगी जागी झाली होती, पंख्याकडे बघत होती. मुलगा तिकडून म्हणाला, "ए." मग थांबला. पुन्हा म्हणाला, "ए... ए, इकडे." पुढे म्हणायला त्याच्याजवळ नावच नव्हतं. चौथ्यांदा त्याने "ए" म्हटलं तेव्हा साडूंनी वही मिटली.

फोन झाल्यावर त्यांनी मुलीला माटुंग्याला फोन लावला. "उद्या ये. हो, माया. तेच. पाळणा मी सोडलेला नाही अजून."

दुसऱ्या दिवशी आत्याने कानात नाव सांगितलं आणि बायका धपाट्यांना सरसावल्या, तर साडू स्वतःहून तिच्या शेजारी पाठ वाकवून उभे. ताईंचा धपाटा सगळ्यांत जोराचा होता. दाखल्यावर नाव घालायचा अर्ज घेऊन साडू स्वतः गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. थंडीत सून आणि पोरगी गेल्या.

परवा मी मुद्दाम वही मागून घेतली. मायाच्या पानावर सतरा ओळी आहेत. विरजण, पाखरू, जाळं, यकृत, झोपडी. अगदी खाली 'मराठी' असं लिहिलंय आणि पुढची जागा कोरी. मी म्हटलं, "इथे काही लिहिलं नाहीत?"

"तेवढ्यासाठी खलाशी कशाला विचारायचा?" साडू म्हणाले आणि त्यांनी वही काढून घेतली.

आता मी रोज संध्याकाळी लालबागला जातो. तिकडे व्हिडिओ फोन लागला की साडू खुर्ची पुढे ओढून हाक मारतात, "माया." पोरगी लगेच मान वळवते. पण ती फोनकडे बघत नाही. तिथल्या घराच्या दाराकडे बघते, आजोबा आले का म्हणून.