पाहुण्यांचा जार

"पाहुण्यांच्या जारमधलं पाणी पोरीच्या बाटलीत कुणी भरलं?" भारतरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

भरलं होतं सुनेनं, गीतांजलीनं. ती मान खाली घालून शाळेचा डबा बांधत होती. पण चपाती उलटवता उलटवता तिच्या सासूनं, अयोध्याबाईंनी सांगून टाकलं, मी भरलं. आठ दिवसांत नातीला, शिवांगीला, दोनदा सलाइन लावावं लागलं होतं. भारतरावांचं म्हणणं, तिला बाहेरचं खाणं बाधलं. बोअरला काही झालेलं नाही, आणि जार आल्यागेल्यासाठी आहे, घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही.

बोअरला काय झालं होतं ते माठाचं झाकण काढलं की कळायचं. संडासाचा वास यायचा. वरणात दुप्पट हिंग घातला तरी तो जायचा नाही. माठात हात घातला तर आतली बाजू बुळबुळीत लागायची. अयोध्याबाई तो रोज घासायच्या.

आधी हेच पाणी गोड होतं. मुदखेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन नांदेडला आल्यावर त्यांनी सोळा वर्षं भाड्याच्या खोलीत, नळाच्या रांगेत काढली. विष्णुपुरीच्या रस्त्याला प्लॉट घेतला तेव्हा आधी बोअर पाडलं, मग घर. नव्या भिंतींना रोज दोन वेळा पाणी त्यांनीच मारलं. शेजारची शांतम्मा रोज घागर भरून न्यायची. म्हणायची, अक्का, तुमच्या पाण्यात डाळ लवकर शिजते.

मग लातूरहून थोरले दीर किशनराव आले. भारतरावांची बढती अडली होती. ईशान्येला संडास असल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत दीर मोबाइलमधलं होकायंत्र धरून अंगणभर फिरले. संडास मागच्या कोपऱ्यात गेला, बोअरपासून आठ फुटांवर. मिस्त्री नको म्हणत होता. खड्ड्याला तळ बांधलाच नाही. दोन महिन्यांनी बढती आली, आणि त्या संडासाबद्दल घरात बोलायची सोय उरली नाही. शांतम्माची घागर यायची थांबली. तिनं कारण सांगितलं नाही. दारावरून जाताना पदर तेवढा नाकाला लावायची.

"मी तेच पितो ना," भारतराव म्हणाले. "मला काय झालं?"

शिवांगी बुटाचा बंद ओढत होती. "आजोबा, तुम्ही तर हापिसातलं पिता. कपाटामागच्या बाटलीतलं."

गॅस बंद करून अयोध्याबाई आत गेल्या. कपाटामागे तीन बाटल्या निघाल्या, दोन भरलेल्या. त्यांनी एकीचं बूच काढून हुंगलं. कसलाच वास नव्हता. वर्षभर हा माणूस ताटाजवळचा पेला तसाच ठेवून उठत होता. त्यांना वाटायचं, वयानं तहान कमी झाली.

भारतराव आता हळू बोलत होते. हापिसात फिल्टर आहे, येताना भरून आणलं, त्यात एवढं काय. रविवारी दादा जेवायला येणार आहेत, त्यांच्यासमोर हा विषय नको. आणि नवा जार सांगून ठेवा.

अयोध्याबाईंनी तिन्ही बाटल्या ओट्यावर ओळीनं मांडल्या.

"जार आजपासून घरच्यांला," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांला माठातलं. रविवारी भावजी येतेत, त्यांलाबी तेच. तांब्या मी भरणार हाय."