हाडाचं म्हणणं

एका बाजूचं ऐकून निकाल देणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील, पण दोन्ही बाजू पोटभर ऐकून निकालच न देणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे घाटंजीचे मामा. बाजाराच्या दिवशी मामा लांब टांगा टाकत पुढे आणि मामी पिशव्या सांभाळत, शिव्या देत मागे. कुठे दोन आवाज चढले की मामा तिथे थांबलेच. वांगी किडकी निघाली म्हणून बाई तावातावानं बोलतेय, विकणारा हात जोडतोय, आणि मामा मधे उकिडवे बसून म्हणतायत, "थांब माय, आता याचं ऐकू दे." शेवटी दोघंही कंटाळून मामांवरच उखडायचे. एकदा कुत्र्यानं ताटातली भाकर पळवली. मामी काठी घेऊन धावली, तर मामा म्हणाले, "मारू नोको. त्याचंबी काही म्हननं असन." मामीचं म्हणणं विचारायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

पाय मोडला तोही असाच. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांचं जुंपलं होतं. दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत मामा धुऱ्यावरून उलटे चालले आणि दगडाला अडखळून असे पडले की नडगीचं हाड बाहेर दिसायला लागलं. आता मामांना उचलायचं कुणी, यावर भावांची पुन्हा जुंपली, आणि मामा रक्तबंबाळ पायानं तिथेच बसून दोघांचं ऐकत राहिले! जखम वरून भरली, पण उन्हाळ्यात नडगी सुजली, ताप यायला लागला आणि पू वाहू लागला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, हाडात जंतू शिरलेत. आतला एक तुकडा मेलाय, तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. ऑपरेशन करून तो काढला नाही तर पाय गमवावा लागेल. दुसरा कुणी असता तर हादरला असता. मामांनी विचारलं, "पन हाडाचं काय म्हननं हाय?"

डॉक्टर भला माणूस, त्यांनी समजावायला घेतलं. हाड बांधणाऱ्या पेशी असतात. त्या जंतूंना ओळखतात आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना हाका मारून बोलावतात.

"म्हंजे आपल्याच हायेत," मामा खूश झाले.

"हो, पण काही जंतू त्याच पेशींच्या आत शिरून लपून बसतात."

"लपू देतेत?" मामांचा चेहरा उतरला.

"त्यांचा इलाज चालत नाही. शिवाय त्यांच्या हाकांनी हाड खाणाऱ्या पेशींनाही जोर चढतो. त्या आपलंच हाड कुरतडतात."

"मंग फितूर कोन झालं, डॉक्टरसाहेब?"

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाले.

चूक कुणाचीच नाही आणि पाय मात्र चाललाय, असा तंटा मामांनी जन्मात पाहिला नव्हता. ते तसेच घरी आले. "समजल्याबिगर कसं कापाचं? आतमधे आपलेबी असतीन." मी शाळेत मराठी शिकवते, पण मामांच्या लेखी शाळेतल्या बाईला सगळंच येतं. त्यांनी मला बोलावून अंगणात दाणे मांडले. तूर म्हणजे बांधणाऱ्या पेशी, सोयाबीन म्हणजे जंतू, ज्वारी म्हणजे खाणाऱ्या.

"सांग वं पोरी, हाका मारनारे कोन?"

"तूर."

"लपवनारे?"

"तेही तूरच, मामा."

"आन ज्वारी कोनाची?"

"आपलीच."

"मंग आपलंच हाड काहून खाऊन राह्यली?"

मला काय कपाळ ठाऊक! दाणे इकडचे तिकडे करता करता माझं डोकं गरगरायला लागलं, आणि सोयाबीनबद्दलही वाईट वाटायला लागलं.

तेवढ्यात मामी आली. तिनं हाताच्या एका फटकाऱ्यानं सगळे दाणे एक केले आणि समोर बसली.

"जंतूयचं ऐकलं, हाडाचं ऐकलं. माह्यं ऐकता काय?"

मामा गडबडले. "बोल ना."

"कोनाचं चुकलं ते मले नाई पाह्यजे. मले तुमचा पाय पाह्यजे. बजारात तुमी पुढं चालता, मी शिव्या देत मांगून येते. मले तेच पाह्यजे." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

मामांनी हातात उरलेला तुरीचा दाणा खाली टाकला. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला. "उद्या जाऊ."

ऑपरेशन झालं, पाय वाचला. नडगीवर खोल खळगा राहिला आणि हातात काठी आली. लपलेले जंतू पुन्हा उठू शकतात, म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. संध्याकाळी मामा तो खळगा हळूहळू चोळत बसतात. परवा मी मामा-मामींसोबत बाजारात गेले होते. मी सहज विचारलं, "मग मामा, कळलं का शेवटी, फितूर कोण ते?"

"नाई कळलं," मामा काठीवर रेलून म्हणाले. "पन तिले आता पुढं चालावं लागते. हे काही बरं नाई झालं."

पुढे मामी दोन्ही पिशव्या घेऊन आमच्यासाठी थांबली होती. शिव्या मात्र देत नव्हती.