बर्फातला सातवा माणूस

सन पन्नास-बावन्नचा सुमार असेल. महाद्वार रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायचो. निगेटिव्हवर धुळीनं पडलेली बारीक भोकं रंगानं बुजवायची, नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण घालवायचे. माझ्या नजरेतून एक भोक सुटत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी त्यामुळे चांगलाच शेफारलो होतो.

एक दिवस कोडोलीहून एक म्हातारी आली. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली काचेची जुनी निगेटिव्ह तिनं टेबलावर ठेवली. तिचा नवरा तरुणपणी कुणा साहेबाचा कॅमेरा वाहत हिमालयात गेला होता. साहेबानं कॅमेरा लावून हमालांना पुढं चालायला लावलं, फोटो काढला आणि पुढे ती काच त्याला बक्षीस दिली. तिथं भुई पांढरी असते, माणूस गुडघ्याएवढा रुततो, असं तो सांगायचा आणि ही जन्मभर त्याला थापाड्या म्हणायची. गेल्या वर्षी तो वारला. त्याचा दुसरा फोटो नव्हता. खरं काय ते तिला एकदा बघायचं होतं.

मी काच उजेडात धरली. निगेटिव्हवर पांढरं ते काळं आणि काळं ते पारदर्शक दिसतं; ही जवळजवळ सगळी काळीभोर, मधे ओळीनं सहा पारदर्शक ठिपके आणि बरंच मागं एकटं एक भोक. ते मी सवयीनं बुजवून टाकलं. बर्फ मी पाहिला होता तो सरबताच्या गाडीवरचा, लाकडाच्या भुशातला.

प्रिंट हातात घेऊन म्हातारीनं बोटानं माणसं मोजली.

"सा हायती. सगळ्यात मागं चालला हुता, त्यो माझा माणूस. त्यो कुठं हाय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी चूक कबूल केली. मालकांना न विचारता तिला डार्करूममध्ये नेलं, ओल्या कापसानं काचेवरचा रंग पुसला आणि नवी प्रिंट काढायला घेतली.

लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर आधी डोंगर उमटला. आपला जोतिबाचा डोंगर त्याच्या पायरीलाही पुरला नसता. पहिली प्रिंट काढताना घाईत मी हे पाहिलंच नव्हतं. असं काही या पृथ्वीवर आहे आणि तिथून माणसं पायी जातात, या नवलानं माझ्या अंगावर काटा आला. मग ती सहा माणसं आली, तिळाएवढी. त्यांच्या पावलांची रेघ मागं मागं गेली, आणि तिथं, गुडघ्याएवढा रुतलेला, सातवा.

म्हातारीनं घसरलेला पदर डोक्यावर पुढं ओढला आणि ट्रेकडं बघत हळू म्हणाली,

"खरं हुतं की वो तुमचं."