सहा श्वासांचा व्यायाम

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, शेवटची काही वर्षं खडकवासल्याला. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि तो इतका वाढला की मला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पहिल्या दहा-बारा दिवसांतलं मला काही आठवत नाही, औषधं देऊन झोपवूनच ठेवलं होतं. जाग आली तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी घातलेली होती आणि ती मशीनला जोडलेली होती. बोलता येत नव्हतं. बायकोने पाटी आणली, पण पेन्सिल धरण्याइतकाही जोर बोटांत नव्हता.

एक्स-रे सुधारलाय, आता मशीन काढून बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी मनातल्या मनात घरी पोहोचलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन काढून नळीवर नुसता ऑक्सिजन ठेवला. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग मान, खांदे, पोट, सगळं श्वास ओढायला लागलं, तरी हवा पुरेना. दहाव्या मिनिटाला मशीन परत लावलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आपली फुफ्फुसं कायमची गेली, असं मी धरून चाललो.

माझा हा समज काढला तिथल्या फिजिओथेरपिस्टने. मांजरी गावाहून स्कूटरवर येणारी, तिशीतली, कमी बोलणारी बाई. डॉक्टर माझ्या बरगड्यांखाली सोनोग्राफी करत होते, तेव्हा तिने पडदा माझ्याकडे वळवला. छाती आणि पोट यांच्यामधे श्वासपटल नावाचा स्नायू असतो, श्वास ओढायचं मुख्य काम त्याचं. त्याची रेघ पडद्यावर जेमतेम हलत होती. इतके दिवस त्याचं काम मशीनने केलं आणि तो प्लास्टरमधल्या पायासारखा बारीक झाला, असं तिने समजावून सांगितलं.

"फुफ्फुसं बरी होताहेत, काका. हा अशक्त झालाय. याला व्यायाम द्यायचा."

व्यायाम म्हणजे मशीन थोडा वेळ काढायचं आणि नळीच्या तोंडाशी स्प्रिंगची छोटी झडप बसवायची. जोराने श्वास ओढल्याशिवाय ती उघडत नाही. असे सहा श्वास, मग मशीनवर विश्रांती, पुन्हा सहा. दिवसाला पाच वेळा.

ऐकायला सोपं आहे. पण झडप उघडली नाही की त्या क्षणी हवाच नसते, आणि ओरडायला आवाजही नसतो. तिसऱ्या दिवशी तिने झडप पुढे केली तशी मी मान फिरवली.

बायको म्हणाली, "अहो, आयुष्यभर माझं ऐकलं नाहीत. निदान जिला यातलं कळतं, तिचं तरी ऐका."

मी भिंतीकडेच बघत राहिलो. तेव्हा त्या बाईने नव्या झडपेचं पाकीट फोडलं, तिची स्प्रिंग शेवटपर्यंत घट्ट केली, नाकाला चिमटा लावला आणि माझ्यासमोर स्वतः सहा श्वास घेतले. चौथ्याला तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, सहाव्याला डोळ्यांत पाणी आलं. तिने चिमटा काढून दम घेतला.

मग म्हणाली, "भीती मलाही वाटते. तुम्ही बोट वर केलंत की मी त्याच क्षणी काढीन. दुसऱ्या श्वासाला केलंत तरी."

मी तिची परीक्षाच घेतली. दुसऱ्याच श्वासाला बोट वर केलं. तिने झडप काढली, मशीन लावलं आणि माझ्या कपाळावरचा घाम पुसला. पुढच्या खेपेला मी सहाही श्वास पुरे केले.

आठवडाभरात तिने स्प्रिंग दोनदा घट्ट केली. त्यानंतर मशीनशिवाय अर्धा तास निभावला, मग दोन तास, मग पूर्ण दिवस. एके सकाळी नळीवर बोलता यावं म्हणून वेगळी झडप लावली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "चहा." आवाज घोगरा, परक्याचा वाटणारा. बायको म्हणाली, "गिळायची परवानगी अजून नाही. बोलत बसा." आणि पदराने डोळे पुसू लागली.

घरी येऊन आता वर्ष होईल. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सुरुवातीला प्रत्येक वळणावर बसावं लागायचं. आता एका दमात चढतो, पण हातात पिशवी असली तर नाही. उताणं झोपलं की अजूनही छाती जड होते, म्हणून दोन उशा घेतो. हे एवढं राहीलच, असं डॉक्टरांनी सांगितलंय.